रस्ता आराखड्यावर हरकत-सूचना: मोजणीपासून सुनावणीपर्यंत

रुंदीकरण सुरू होतं, दुभाजक उभा राहतो आणि मग गावाच्या लक्षात येतं की शाळेकडे जायचा फाटाच बंद झालाय. पुढचं सगळं ठरलेलं: रास्ता रोको, पोलीस बंदोबस्त, "वरिष्ठांना कळवतो" असं आश्वासन. त्या टप्प्यावर अभियंत्याची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. निविदा झालेली असते, दर ठरलेले असतात. एक भुयारी मार्ग वाढवायचा तर सुधारित अंदाजपत्रक, नव्याने मान्यता आणि वाढीव निधी, असं सगळं मागे लागतं. हरकत-सूचनांची मुदत त्याआधी कधीच येऊन गेलेली असते, बहुतेकदा कोणाच्या नकळत.

हा लेख त्या मुदतीच्या आत काय करायचं याबद्दल आहे. शेकडो सह्यांच्या निवेदनापेक्षा जागा, मोजणी आणि मागणी नेमकी सांगणारं दोन पानी पत्र जास्त काम करतं. सह्यांवर "नोंद घेतली" असा शेरा मारून फाइल बंद करता येते. "कि.मी. १२/४०० ला तासाला वीस ऊसट्रॉल्या रस्ता ओलांडतात" या वाक्याला मात्र उत्तर द्यावं लागतं.

आधी रस्ता कोणाचा ते शोधा

सर्वाधिक अर्ज इथेच वाया जातात. "सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही" एवढं उत्तर यायला महिना जातो आणि तोवर मुदत संपते.

महाराष्ट्रातली ढोबळ वाटणी अशी आहे. राष्ट्रीय महामार्ग भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असतात. ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. प्रमुख राज्य मार्ग, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (कागदोपत्री प्ररामा, रामा, प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग (इजिमा, ग्रामा) जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. द्रुतगती मार्ग आणि बरेच मोठे नवे प्रकल्प रस्ते विकास महामंडळाकडे. शहरात महापालिका किंवा नगरपरिषद, शहराभोवती पीएमआरडीए, एमएमआरडीए यांसारखी प्राधिकरणं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेल्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते.

किलोमीटरच्या दगडावरून अंदाज येतो: डोकं पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं तर राज्य मार्ग, नारिंगी तर ग्रामीण रस्ता. पण दगडावर विसंबू नका. रस्त्याची दर्जोन्नती होते, हस्तांतर होतं, दगड मात्र जुनेच राहतात. "तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग" घोषित झालेल्या रस्त्यांची तर गंमतच असते. दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी सार्वजनिक बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याचा क्रमांक आणि एकूण लांबी लिहून घ्या. शंका राहिलीच तर एकच पत्र दोन्ही कार्यालयांना द्या, "प्रत माहितीसाठी" म्हणून नव्हे तर दोघांनाही "प्रति" म्हणून.

कोणत्या दारातून जायचं आणि किती दिवसांत

रस्त्यावर जनतेचं म्हणणं ऐकायच्या कायदेशीर संधी मोजक्या आहेत आणि प्रत्येकीचा विषय वेगळा आहे.

शहराची किंवा प्राधिकरण क्षेत्राची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार ३० दिवसांत हरकत देता येते. डीपी रस्त्याची (विकास योजनेत दाखवलेल्या रस्त्याची) आखणी, रुंदी, तो कुठे संपतो, पुढच्या गावाच्या रस्त्याला जुळतो की नाही, हे सगळं इथे मांडायचं. हरकतींवर कलम २८ खालची नियोजन समिती सुनावणी घेते. मंजूर योजनेत नंतर एखादा रस्ता वगळायचा किंवा वळवायचा असेल तर कलम ३७ चा फेरबदल निघतो. त्याची सूचनाही प्रसिद्ध होते आणि त्यावरही हरकत देता येते. या छोट्या सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानात असतात आणि नेमक्या त्याच नजरेतून निसटतात.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाणार असेल तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३-अ ची अधिसूचना निघते. त्यानंतर कलम ३-क खाली हरकतीला २१ दिवस. वर्तमानपत्रातली जाहिरात कधी कधी उशिरा येते, त्यामुळे राजपत्राची तारीख धरूनच चाला. हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायची, म्हणजे सहसा प्रांताधिकारी किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी. इथे एक चूक हमखास होते: लोक मोबदल्यावर लिहितात. या टप्प्याचा प्रश्न जमीन या कामाला घ्यावी की नाही, घ्यायची तर कुठून, एवढाच असतो. मोबदल्याचे दावे पुढे, कलम ३-ग च्या टप्प्यावर मागवतात. "भाव कमी मिळेल" अशी हरकत या टप्प्यावर फेटाळणं अधिकाऱ्याला फार सोपं जातं. उलट "आखणी विहिरीवरून जाते, वीस मीटर पूर्वेला सरकवल्यास विहीर वाचते आणि तिकडे पडीक जमीन आहे" या हरकतीला कारण देऊनच नाही म्हणावं लागतं. राज्याचे काही प्रकल्प महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ खाली चालतात; त्यांची मुदत अधिसूचनेतच छापलेली असते.

पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या मोठ्या रस्त्यांसाठी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो आणि निदान ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत वाचायला ठेवतात. पाण्याचे नैसर्गिक प्रवाह, मोऱ्या, मुरूम-खडी कुठून आणणार, कामाच्या काळात डंपर कोणत्या गावरस्त्यावरून जाणार, हे प्रश्न इथले. डंपरचा प्रश्न कोणी विचारत नाही. सहा महिन्यांत ग्रामीण मार्ग उखडतो आणि मग तो दुरुस्त कोणी करायचा याचा वाद सुरू होतो.

शहरातल्या वाहतूक बदलांना, म्हणजे एकेरी मार्ग, जड वाहनांना बंदी, वळण बंद, वाहतूक पोलीस बऱ्याचदा प्रायोगिक आदेश काढून सूचना मागवतात. प्रयोग सुरू होण्याआधीच्या आठवड्यात मोजणी करून ठेवा. "आधी सात मिनिटं लागायची, आता अठरा लागतात" हे सिद्ध करायला आधीचा आकडा हाताशी लागतोच.

यातलं काहीच चालू नसेल आणि अस्तित्वातल्या रस्त्याचीच सुधारणा हवी असेल, तर प्रश्न पैशाचा असतो. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांचा निधी जिल्हा नियोजन समितीतून ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली (सरकारी हिशेबातली खर्चाची सदरं) येतो. सार्वजनिक बांधकामाची कामं मार्चच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत धरली जातात. त्यामुळे फेब्रुवारीत दिलेलं निवेदन त्या वर्षीपुरतं शिळं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाखा अभियंत्याकडून ढोबळ अंदाजपत्रक करून घेतलं, तर ते काम यादीत जाण्याची खरी शक्यता असते.

जागा नेमकी सांगा

"मारुती मंदिराजवळच्या वळणावर" हे गावाला कळतं. नाशिकच्या किंवा पुण्याच्या कार्यालयात नकाशा उघडून बसलेल्याला कळत नाही. चार गोष्टी द्या: रस्त्याचा क्रमांक, किलोमीटर (१२/४०० म्हणजे बाराव्या किलोमीटरच्या दगडापुढे ४०० मीटर), लगतचे गट क्रमांक आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश.

रुंदीकरण प्रकल्पात एक खाचखळगा आहे. वळणं सरळ केल्याने आणि बाह्यवळण धरल्याने प्रकल्पाचा साखळी क्रमांक (प्रकल्पाच्या आरंभापासून मोजलेलं अंतर) जुन्या दगडांशी जुळत नाही. फरक काही किलोमीटरचाही पडतो. सविस्तर प्रकल्प अहवालातल्या नकाशावर आपली जागा शोधून दोन्ही क्रमांक लिहा. नकाशा मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. राज्याच्या कार्यालयासाठी अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराची मुदत ३० दिवसांची, म्हणजे २१ दिवसांच्या हरकतीला ती पुरणार नाही. आराखड्याची कुणकुण लागताच हा अर्ज टाकून ठेवा.

मोजणी

मोजणीला यंत्र लागत नाही. प्रत्येक दिशेला दोन माणसं, छापील तक्ता, घड्याळ. दर पंधरा मिनिटांना ओळ बदलायची. वाहनांचे रकाने किमान हे: दुचाकी, मोटार, जीप, रिक्षा, टेम्पो, बस व ट्रक, नुसता ट्रॅक्टर, ट्रॉलीसह ट्रॅक्टर, सायकल, बैलगाडी. पायी रस्ता ओलांडणाऱ्यांचा रकाना वेगळा ठेवा आणि त्यात शाळकरी मुलं वेगळी मोजा.

इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) पद्धत सलग सात दिवस, चोवीस तास मोजायची आहे, वर्षातून दोनदा: एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या हंगामात, एकदा मंदीच्या काळात. गावाला ते झेपणारं नाही. तीन दिवस सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ४ ते ८ मोजा; त्यातला एक दिवस आठवडे बाजाराचा घ्या, दोन साधे. ऊसपट्ट्यात गाळप सुरू असतानाची मोजणी हवीच. सल्लागार कंपनीची मोजणी पावसाळ्यात झाली असेल तर तिच्यात ऊस दिसतच नाही. त्यांच्या अहवालातल्या मोजणीच्या तारखा तपासा. ही एक तारीख कधी कधी अख्ख्या हरकतीचं वजन पेलते.

आता आकड्याला अभियंत्याच्या भाषेत आणायचं. वेगवेगळी वाहनं मोटारीच्या एककात, म्हणजे पीसीयूत, बदलतात. ग्रामीण रस्त्यांसाठी आयआरसी ६४ मधले गुणांक असे आहेत: दुचाकी व सायकल ०.५; मोटार व रिक्षा १; टेम्पो व नुसता ट्रॅक्टर १.५; बस व ट्रक ३; ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५; बैलगाडी ८.

उदाहरणादाखल गर्दीचा एक तास धरू. दुचाकी २४०, मोटारी व रिक्षा ९०, टेम्पो २०, बस-ट्रक ३०, ट्रॉलीसह ट्रॅक्टर २०. वाहनं झाली ४००. पीसीयू: १२० + ९० + ३० + ९० + ९० = ४२०. ट्रॅक्टर संख्येने पाच टक्के आहेत, पण भारात एकवीस टक्के. गर्दीच्या तासात दिवसाच्या साधारण ८ ते १० टक्के वाहतूक असते, म्हणजे दिवसाला ४,२०० ते ५,२५० पीसीयू. त्याच मार्गदर्शिकेत सपाट प्रदेशातल्या, फारशी वळणं नसलेल्या एकपदरी (३.७५ मीटर) रस्त्याची क्षमता २,०००, मध्यमपदरी (५.५ मीटर) रस्त्याची ६,००० आणि दुपदरी (७ मीटर) रस्त्याची १५,००० धरली आहे. आपला रस्ता ३.७५ मीटरचा असेल तर ५.५ मीटरची मागणी या हिशेबावर उभी राहते. इथे चौपदरीची मागणी करू नका. आकडा तिला आधार देत नाही आणि मग उरलेलं पत्रही कोणी मनावर घेत नाही. जोडट्रॉल्यांची नोंद मात्र वेगळी ठेवा. वळायला त्यांना लागणारी जागा एका ट्रॉलीपेक्षा फार जास्त असते.

वेग मोजायचा तर रस्त्यावर ५० मीटर अंतराने खडूच्या दोन रेघा मारा. गाडीला ते अंतर कापायला ३ सेकंद लागले तर वेग ताशी ६० किमी, सव्वादोन सेकंद लागले तर ८०. शंभर गाड्या मोजून वेगाच्या चढत्या क्रमाने लावा. पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग पत्रात लिहायचा. मग फाट्यावर, डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर येतील असं बसून, येणारी गाडी किती दूरवरून दिसते ते टेपने मोजा. थांबायला लागणारं दृष्टी-अंतर ५० किमी वेगाला ६० मीटर, ६५ ला ९० आणि ८० ला १२० धरतात. वळणावरच्या बाभळी, फ्लेक्स किंवा बांधापर्यंत आलेला ऊस यामुळे ते ४० मीटरवर आलं असेल, तर अपघात का होतात हे समजावून सांगायला दुसरं काही लागत नाही.

अपघातांची नोंद पोलीस ठाण्यातून मागवा. केंद्राच्या २०१५ च्या निकषानुसार राष्ट्रीय महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटर टप्प्यात तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर तो अपघातप्रवण टप्पा ठरतो. त्यात बसत असाल तर विषय जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे लेखी मांडा. तिथे बांधकाम, परिवहन आणि पोलीस एका टेबलावर असतात. किरकोळ अपघात पोलिसांत जातच नाहीत, म्हणून ग्रामपंचायतीत एक वही ठेवा: तारीख, वेळ, वाहनं, जागा. नावं नकोत.

मागणी अशी करा की होकार देता येईल

"गतिरोधक बसवा" ही सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात लवकर फेटाळली जाणारी मागणी. आयआरसी ९९ मधला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ किमी वेगासाठी. महामार्गाच्या मुख्य रस्त्यावर तो मंजूर होत नाही. गावोगावी रातोरात उभे राहणारे अरुंद उंचवटे वेगळेच. त्यांनी पाठीचे मणके मोडतात आणि रुग्णवाहिका अडकते. त्याऐवजी फाट्याच्या रस्त्यावर, मुख्य रस्त्याला मिळण्याआधी गतिरोधक मागा. मुख्य रस्त्यावर आडव्या जाड पट्ट्या, आगाऊ फलक, दिवे आणि मधोमध थांबायला बेट मागा.

भुयारी मार्ग मागताना उंची लिहा. ऊस भरलेली ट्रॉली, कापसाचा ट्रक, हार्वेस्टर: प्रत्यक्ष टेप लावून उंची मोजा आणि नकाशातल्या उंचीशी ताडून बघा. जिथून मोटार जाते पण भरली ट्रॉली जात नाही तो मार्ग शेतकऱ्याच्या लेखी नसल्यासारखाच. तळाशी पाणी साचणार का, ते कुठे काढणार, हेही विचारा. नाहीतर पावसाळ्यात त्याचं तळं होतं.

पाण्याचं प्रकरण एकूणच गंभीर आहे. भराव घालून उंच केलेला रस्ता ओढ्याला आडवा आला की तो बांधासारखा वागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. आपल्या भागात पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा विजेच्या खांबावर किंवा भिंतीवर असतात. त्यांची उंची मोजा, फोटो काढा आणि नकाशातल्या मोऱ्यांच्या जागांशी जुळवा. ओढा एका गटात आणि मोरी तीन गट सोडून, असं आढळतं.

शेतीच्या पाइपलाइनी विसरू नका. विहीर एकीकडे, रान दुसरीकडे, मधे महामार्ग. काम सुरू असताना रस्त्याखालून आडवा मोकळा पाइप टाकून ठेवणं स्वस्तात होतं. डांबर पडल्यावर त्याच कामाला परवानगी, अनामत आणि खोदाई लागते. असे किती पाइप, कुठल्या किलोमीटरला, याची एकत्र यादी ग्रामपंचायतीने द्यावी.

चौकातली कोंडी बऱ्याचदा रुंदीने सुटत नाही. एसटीचा थांबा नेमका कोपऱ्यावर, त्यामागे रिक्षा, पुढे भाजीच्या गाड्या. दुपदरी रस्त्याचा एकच पदर उरतो. थांबा चौक ओलांडून पुढे न्या, बससाठी खाच ठेवा, एवढी मागणी पुष्कळदा पुरते आणि भूसंपादनही लागत नाही. पण विक्रेत्यांना कुठे बसवायचं ते त्याच पत्रात लिहा. नाहीतर पंधरा दिवसांत सगळं मूळ जागी येतं.

पत्र

एका पत्रात एकच जागा. पाच जागा असतील तर पाच पत्रं, पाच आवक क्रमांक. मजकूर साधारण असा:

"विषय: प्रजिमा क्र. ___, कि.मी. १२/४०० (गट क्र. ___ व ___ लगत) येथील प्रस्तावित दुभाजकाबाबत सूचना.
संदर्भ: आपली सूचना दि. ___.
१) या ठिकाणी सकाळी ७ ते ८ या वेळेत ट्रॉलीसह २० ट्रॅक्टर व ६५ विद्यार्थी रस्ता ओलांडतात (मोजणी तक्ता सोबत). २) नकाशानुसार दुभाजक सलग असून जवळचे वळण ___ मीटरवर आहे. त्यामुळे ट्रॅक्टर उलट दिशेने येतील. ३) मागणी: कि.मी. १२/४०० येथे भुयारी मार्ग. उंची भरलेल्या ट्रॉलीला (___ मीटर) पुरेल अशी. ४) ते शक्य नसल्यास: वळणापर्यंत दोन्ही बाजूंना सेवा रस्ता. ५) मागणी अमान्य केल्यास कारण लेखी कळवावे."

चौथा मुद्दा कधीही गाळू नका. पर्याय नसलेल्या मागणीला "नाही" म्हणणं सोपं असतं. सोबत मोजणीचा तक्ता, तारीख-वेळ दिसणारे तीन-चार फोटो, हाताने काढलेला साधा नकाशा, जमीन जात असेल तर सातबारा. सातबाऱ्यावर अजून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज आधी करा. "हितसंबंधित व्यक्ती नाही" या शेऱ्याला वाव ठेवू नका.

एकाच मजकुराच्या शेकडो झेरॉक्स प्रती देण्याचा प्रघात आहे. त्या एकत्र बांधून एका ओळीत निकाली निघतात. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या गटापुरतं, आपल्या अडचणीचं पत्र द्यावं आणि वर ग्रामसभेचा ठराव जोडावा. पत्र हाती द्या, पोहोच घ्या. शिक्क्यावर तारीख आणि आवक क्रमांक दोन्ही हवेत. ईमेल किंवा पोर्टलवरही टाका, पण शेवटच्या दिवशी पोर्टलवर विसंबणं नको.

सुनावणीत

वेळ थोडा मिळतो. पत्र वाचून दाखवू नका. ते त्यांच्यासमोर असतं. मोठा नकाशा, त्यावर लाल खूण, एक आकडा, एक मागणी, एक पर्याय. बोलायला तोच माणूस पाठवा ज्याने मोजणी केली, कारण "हे कधी मोजलं?" हा पहिला प्रश्न असतो. "साइटवर बघून घेऊ" असं तोंडी उत्तर मिळालं तर ते नोंदीत घ्यायची विनंती तिथेच करा. पर्यावरणाच्या जनसुनावणीत शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. निम्मं गाव तोवर घरी गेलेलं असतं. दोघांनी तरी थांबायचं आणि आपला मुद्दा गळला असेल तर वाचन चालू असतानाच हरकत घ्यायची. या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकला म्हणून ती रद्द होत नाही. म्हणणं फक्त नोंदवायचं राहून जातं.

त्यानंतर

महिनाभरात निर्णयाची प्रत मागा. मागणी मान्य झाली असेल तर ती अंतिम नकाशात आणि अंदाजपत्रकात उतरली का, हे तपासेपर्यंत ती मान्य झाली असं धरू नका. पत्रात "तत्त्वतः मान्य" आणि निविदेच्या परिमाणपत्रकात (कोणतं काम किती, याची यादी) त्या नावाची ओळच नाही, असं होतं. उत्तर आलंच नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन (महिन्याचा पहिला सोमवार) आणि आपले सरकार पोर्टल हे पुढचे टप्पे. सोबत मूळ पत्राचा आवक क्रमांक द्यायचाच.

आखणीचे खुंट रोवले जातील त्या दिवशी मान्य झालेला नकाशा घेऊन जागेवर जा आणि भुयारी मार्ग, मोऱ्या, आडवे पाइप यांच्या जागा शाखा अभियंत्यासोबत टेपने मोजून घ्या. भराव पडण्याआधी मोरी दहा मीटर सरकवणं अर्ध्या दिवसाचं काम असतं.